तिसऱ्या नॉबवरची सम

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला आमच्या हॉलमधले सगळे दिवे बंद होते आणि बाबा बुटांच्या खोक्याच्या झाकणावर बसवलेले नॉब चाचपत होते. लाईट गेली नव्हती, मीच घालवली होती.

"हा पाचवा ना?"

"नाही बाबा, चौथा."

"मग मध्ये कुठेतरी जागा सोड की रे. दहाच्या दहा एका माळेत ओवलेत. मला कळणार कसं?"

सिक्वेन्सरच्या पुढच्या पॅनलचं काम महिनाभर का रखडलं ते या दोन वाक्यांत आलं. सर्किट कधीच तयार आहे. ब्रेडबोर्डवर चालतं, प्लेटवर डाग देऊन झालेत, आवाजही येतो. अडलंय ते फक्त दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोणतं भोक कुठे पाडायचं यावर. भोसरीत टूलरूमच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक पत्रा आखता येऊ नये, याची घरात यथेच्छ टिंगल होऊन गेलीय.

सिंथेसायझरशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिक्वेन्सर स्वतः आवाज काढत नाही. तो सिंथला ठरावीक ठेक्यात व्होल्टेज पुरवतो. पहिल्या मात्रेला अमुक व्होल्ट, दुसरीला तमुक, आणि शेवटच्या मात्रेनंतर पुन्हा पहिली. एक व्होल्ट वाढला की स्वर एका सप्तकाने वर जातो, ही या जगातली चालू पद्धत. प्रत्येक मात्रेला एक नॉब, नॉब फिरवला की त्या मात्रेचा स्वर बदलतो. म्हणजे बोली भाषेत सांगायचं तर लेहरा, म्हणजे तबल्याला साथ म्हणून फिरत राहणारी एकच चाल, धरणारं यंत्र.

माझ्या सर्किटच्या पोटात सीडी४०१७ नावाची आयसी, म्हणजे चिप, आहे. गणपतीच्या मखरात पळती लाईट केली असेल तर तुम्ही ती हाताळलेली आहे. आठवीत असताना मी वाईहून पुण्याला मामाकडे आलो होतो, तेव्हा बुधवारात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून तीच आयसी, एक ५५५ (ठोके देणारी आयसी) आणि दहा लाल एलईडी घेऊन गेलो होतो. ४०१७ ला एकेक ठोका दिला की तिच्या दहा पायांवर पाळीपाळीने व्होल्टेज येतं. पायावर एलईडी लावला तर पळती लाईट, पॉट (नॉबखालचा, फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला तर सिक्वेन्सर. हौशी मंडळींत याला ‘बेबी टेन’ म्हणतात. ठोका देण्यासाठी मी ५५५ ऐवजी ४०१०६ या आयसीतला एक गेट, एक कपॅसिटर आणि एक पॉट वापरलाय, बाकी कल्पना मखरातलीच.

आता या आयसीला पाय दहा, पण बहुतेक लोक त्यातले आठच वापरतात. नववा पाय रीसेटला, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यावर आणणाऱ्या पायाला, जोडून टाकतात आणि दोन पाय वाया घालवतात. कारण पाश्चात्त्य सिक्वेन्सर आठाच्या किंवा सोळाच्या हिशेबात विचार करतो. मूग या अमेरिकन सिंथ कंपनीच्या ९६० सिक्वेन्सरवर आठ-आठ नॉबच्या तीन ओळी आहेत. १९८० मध्ये आलेल्या रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर सोळा बटणं आहेत, आणि ती चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी अशी रंगवलेली आहेत. मला ते पॅनल फार आवडतं. चार-चार-चार-चार. सोळा मात्रांच्या तीनतालाचे विभाग कोणी जपान्याने रंगवून द्यावेत तसं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच ८०८ च्या ठेक्यावर सिंथवर राग वाजवून रेकॉर्ड काढली, तेव्हा त्यांना त्या रंगांत तीनताल दिसला असेल का, असं मला उगीच वाटत राहतं.

पण माझ्याकडे दहा पाय होते. आणि दहा मात्रा म्हणजे झपताल.

धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. दोन-तीन-दोन-तीन. आयसी बनवणाऱ्यांनी दशमान पद्धतीसाठी दहा पाय दिले, पण ती वापरणाऱ्याचा बाप भजनी मंडळात तबला वाजवतो हे त्यांना कुठे ठाऊक! बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. वाईला असताना मंडळातही वाजवायचे आणि एका गुरुजींकडे रीतसर शिकायचेही. आता हात थोडा कापतो. तबला वरच्या माळ्यावर आहे. हे यंत्र त्यांच्यासाठी करतोय असं मी त्यांना सांगितलेलं नाही, पण त्यांना कळलंय, आणि कळलंय हे ते मला सांगत नाहीत.

तर पॅनल. माझं सगळं सामान युरोरॅकच्या, म्हणजे एका चौकटीत शेजारी-शेजारी बसणाऱ्या सिंथच्या सुट्या मॉड्यूलच्या, मापात आहे. हे माप डोएफर या जर्मन कंपनीने १९९० च्या दशकात रूढ केलं: उंची १२८.५ मिमी, आणि रुंदी एचपी नावाच्या एककात. एक एचपी म्हणजे ५.०८ मिमी, इंचाचा पाचवा भाग. इथे एक गोम आहे. २८ एचपीचं पॅनल हवं असेल तर २८ गुणिले ५.०८ म्हणजे १४२.२४ असा पत्रा कापायचा नसतो. तो १४१.९ कापायचा. शेजारच्या मॉड्यूलला घासू नये म्हणून तेवढी ढील. मी कंपनीत रोज फिट आणि टॉलरन्स लिहितो, आणि घरच्या पहिल्या पॅनलला बरोबर १४२.२४ चा आकडा टाकला होता. शेजारचं मॉड्यूल बसवताना कानस घेऊन बसावं लागलं. स्क्रूची भोकं एम३ ची, वरच्या-खालच्या कडेपासून ३ मिमी आत, म्हणजे दोन्हींमधलं उभं अंतर १२२.५. शिवाय वरून-खालून साधारण १० मिमीचा पट्टा मागच्या रेलवर टेकतो, तिथे पॉट किंवा जॅक काहीही येऊन चालत नाही. हे विसरून जॅक अगदी खाली घेणारे महाभाग असतात. मी त्यांपैकी एक होतो.

मी एकूण तीन नमुने केले. कागदावर बघून काही कळत नाही, म्हणून पुठ्ठ्यात खरोखरचे पॉट नटाने आवळून बसवले. पुठ्ठ्याला दिवाळीच्या मिठाईचा खोका सगळ्यांत चांगला, बुटांचा दुसऱ्या नंबरला. पिझ्झाचा नको, नट आवळला की चेपतो.

पहिला नमुना सरळ एका ओळीचा. दहा नॉब, २० मिमीच्या अंतराने, पॅनल ४२ एचपी, म्हणजे २१३ मिमी. दिसायला एकदम देखणा. अडचण अशी की मी घेतलेले नॉब १५ मिमी व्यासाचे, म्हणजे दोघांमध्ये उरले ५ मिमी. माझं बोट आत जात नाही, बाबांचं तर विचारूच नका. एक फिरवायला जावं तर शेजारचा हलतो.

आणि इथे ‘थोडासा हलला’ म्हणजे किती, याचा हिशेब मी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत करून बसलो. पॉट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३०० अंश फिरतो. त्यातून ० ते ५ व्होल्ट घेतले तर पाच सप्तकं, म्हणजे ६० अर्धस्वर, म्हणजे एका अर्धस्वराला ५ अंश. १५ मिमीच्या नॉबच्या कडेवर हे ५ अंश म्हणजे ०.६५ मिमी. एवढ्या हालचालीत कोमल गंधाराचा शुद्ध होतो. म्हणून व्होल्टेज कमी केलं, ५ ऐवजी २ व्होल्टच घेतले. दोन सप्तकं मला पुष्कळ आहेत. आता एक अर्धस्वर १२.५ अंशांचा, कडेवर १.६४ मिमी. जरा श्वास घेता येतो.

तरी बाबांचं समाधान झालं नाही. पेटीचा गंधार आणि तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार यांत सेंटच्या भाषेत (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) सुमारे १४ सेंटचा फरक असतो, तंबोऱ्याचा उतरलेला. माझ्या नॉबवर तो येतो ०.२३ मिमी. कंपनीत आम्ही वीस मायक्रॉनवरून भांडतो, म्हणजे ०.२३ मिमी हे आमच्याकडे मैदान झालं. पण तिथे मशीनचा स्पिंडल असतो, इथे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा अंगठा. नॉबला मोकळी जागा हवी होती, आणि तीही भरपूर. कोणी म्हणेल, क्वांटायझर लाव, तो जवळच्या पट्टीवर आपोआप ओढून घेतो. लावला असता. पण तो पेटीच्याच गंधारावर ओढून घेतो. मग एवढा उपद्व्याप कशाला, बाजारातून लेहऱ्याचं तयार यंत्र आणलं असतं.

दुसरा नमुना गोल. ताल आवर्तनात फिरतो, मग नॉब वर्तुळात का नकोत, असं मला रात्री दोन वाजता सुचलं आणि दोन वाजता सुचलेल्या कल्पनांसारखीच ती फार सुंदर होती. दोन शेजारच्या नॉबमध्ये २५ मिमी ठेवायचे तर वर्तुळाचा व्यास ८१ मिमी येतो. नॉब धरून ९६. रेल सोडून उरणाऱ्या उंचीत बसतं! सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अगदी वर, बाराच्या काट्यावर. एलईडी आतल्या बाजूला, दिवा गोल फिरतोय. बायको म्हणाली, "हे मात्र शोकेसमध्ये ठेवण्यासारखं झालंय." तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

वापरून पाहिलं तर हात नेहमी खालून येतो, त्यामुळे वरच्या नॉबला हात घातला की खालचा अर्धा ताल पंजाखाली झाकला जातो. आणि अंधारात गोल हा प्रकार साफ फसतो. ओळीत निदान टोकं असतात, टोकापासून मोजता येतं. वर्तुळाला टोक कुठलं? बाबांनी दोनदा चाचपलं आणि शांतपणे म्हणाले, "चकलीसारखं आहे. कुठून खायला सुरुवात करायची कळत नाही."

अंधाराचा एवढा हट्ट कशाला, असं कोणी विचारेल. एक तर बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक दिवे त्रास देतात, ते डोळे मिटूनच वाजवतात. आणि दुसरं, तबल्यावर कोणी लेबलं लावत नाही. चाट कुठे, लव कुठे, शाई कुठे हे बोटाला माहीत असतं.

तर रविवारी रात्री, सरळ ओळीच्या नमुन्यावर पुन्हा बसलो असताना, बाबांचं ते वाक्य आलं. मध्ये जागा सोड की रे.

मी दिवा लावला, पुठ्ठा घेतला आणि तिसरा नमुना आखला. दोन ओळी, पाच-पाच नॉबच्या. झपताल तसाही मधोमध तुटतो: पहिल्या पाच मात्रा, मग सहावीला खाली, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात, आणि पुढच्या पाच. म्हणजे वरची ओळ भरीची, खालची खालीची. आणि प्रत्येक ओळीत दोन नॉब, मग मोकळी जागा, मग तीन नॉब. विभागाच्या आत २५ मिमी, दोन विभागांमध्ये ३५. बेरीज करा: २५, ३५, २५, २५, एकूण ११०. २८ एचपीच्या पॅनलमधून ११० वजा केले की ३१.९ उरतात, दोन्ही बाजूंना १५.९५. म्हणजे ४२ एचपीचा पत्रा २८ वर आला आणि नॉबमधली जागा ५ मिमीवरून १० वर गेली. एवढं सोपं होतं, आणि मी महिना घालवला.

पुन्हा अंधार. बाबांचा अंगठा वरच्या ओळीवरून फिरला. दोन. जागा. तीन. खाली आला. दोन. जागा. तीन. "हां," म्हणाले, "आता हा झपताल आहे."

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. मला नुसता झपताल नको होता, रूपकही हवा होता. रूपक सात मात्रांचा. आयसीच्या दृष्टीने काहीच अवघड नाही: आठव्या क्रमांकाचा पाय, म्हणजे पिन ६, रीसेटला म्हणजे पिन १५ ला जोडला की सातवी मात्रा झाली की पुन्हा पहिली. पण रूपकाचे विभाग तीन-दोन-दोन: ती ती ना | धी ना | धी ना. आणि माझ्या पॅनलवर पहिल्या सात नॉबचे गट पडतात दोन-तीन-दोन. डोळ्याला एक दिसणार, कानाला दुसरं ऐकू येणार. म्हणजे पुन्हा सगळे नॉब समान अंतरावर, पुन्हा माळ. मी पुठ्ठा टेबलावर आपटला.

बाबा तेव्हा चहा पीत होते. रात्री साडेदहाला चहा घेतात, त्यावर घरात कोणी बोलायचं नाही असा ठराव आहे. बशी खाली ठेवून त्यांनी पुठ्ठ्यावर बोट टेकलं. पहिल्या नॉबवर नाही, तिसऱ्यावर. तिथून तीन मोजले. मग खालच्या ओळीतले दोन. मग बोट उचलून पुन्हा वर, पहिला आणि दुसरा.

"तिसऱ्यावरून सुरू कर की. तीन, दोन, दोन. आणि पुन्हा तिसरा."

मी तीनदा मोजलं. मग कागदावर लिहून मोजलं. दोन-तीन-दोन हे गोल फिरवत राहिलं की त्यातच तीन-दोन-दोन असतं, फक्त सम तिसऱ्या नॉबवर जाते. आयसीला सम कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही, ती बापडी एक ते सात पळत राहते. सम पॅनलवर असते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात. मी दहावीनंतर तबला सोडला याबद्दल बाबांनी त्या रात्री एक शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

या शोधामुळे एक आर्थिक फायदाही झाला. मी मात्रा निवडायला बारा घरांचा फिरता स्विच आणून ठेवला होता, धटिंगण, १० मिमीचं भोक मागणारा. आता मला तीनच गोष्टी हव्या होत्या: दहा, सात, आणि पाच. पाच म्हणजे नुसती वरची ओळ, अर्धा झपताल. त्याला साधा तीन स्थितींचा टॉगल पुरतो, मध्ये बंद असणारा. दांडी मध्ये: रीसेटला काहीच जोडलेलं नाही, एक लाख ओहमचा रेझिस्टर त्याला शून्य व्होल्टशी धरून ठेवतो, दहा मात्रा. दांडी वर: पिन ६, सात मात्रा. दांडी खाली: पिन १, पाच मात्रा. भोक ६ मिमीचं. शिवाय हातानेच समेवर आणायला एक बटण आहे. रूपकात मात्र ते बटण पहिल्या नॉबवर आणतं, समेवर नाही, हे मान्य. ते बटण आणि टॉगल एकाच पायावर येत असल्यामुळे मध्ये एक-एक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकायला विसरू नका. नाहीतर बटण दाबलं की १२ व्होल्ट थेट आयसीच्या आउटपुटवर जातात. माझी एक ४०१७ अशीच कामी आली. स्वस्त असते म्हणून ठीक.

प्रत्येक मात्रेला चालू-बंद करणारा वेगळा स्विचही असतो बऱ्याच जणांच्या सिक्वेन्सरला, म्हणजे ती मात्रा मुकी करता येते. तो मी काढून टाकला. दहा टॉगलच्या दांड्या नॉबच्या मधे उभ्या राहिल्या तर अंगठा जाणार कुठून? बाबांना विचारलं होतं, "खालीच्या मात्रेला आवाज बंद करायची सोय हवी का?" त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की विषय तिथेच संपला. खाली म्हणजे शांतता नव्हे, डग्ग्याची घुमक काढून घ्यायची असते, एवढं मला आठवायला हवं होतं.

लेबलांवरून वेगळा धिंगाणा झाला. मराठीतच लिहायचं हे नक्की होतं. वेग बदलणाऱ्या नॉबला ‘लय’. टॉगलला ‘मात्रा’. बटणाला ‘सम’. ठोका घेणाऱ्या आणि देणाऱ्या जॅकला ‘ठोका आत’, ‘ठोका बाहेर’. बाहेरून समेवर आणणाऱ्या जॅकलाही ‘सम’च. व्होल्टेज देणाऱ्या जॅकला ‘स्वर’. स्वर कधी वाजायचा ते सांगणाऱ्या गेटच्या जॅकला मुलीने ‘द्वार’ सुचवलं, पण मग ते मॉड्यूल न वाटता मंदिराची पाटी वाटायला लागलं. गेट ‘गेट’च राहिलं.

चाचणीसाठी एका लेसरवाल्याकडे ॲक्रिलिकचा तुकडा कोरायला दिला. संध्याकाळी आणायला गेलो तर त्यावर सुबक अक्षरांत ‘मात्‌रा’ आणि ‘स्‌वर’. त्याच्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता, जोडाक्षरं सुटली आणि हलन्त उघडे पडले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही दिलं तेच आलंय." त्याचंही खरं होतं. तेव्हापासून इंकस्केप या चित्रं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहून झाला की मी त्याचं पाथमध्ये रूपांतर करूनच फाइल देतो. अक्षर हे अक्षर राहत नाही, नुसती रेषा होते, मग ते कोणाच्याही संगणकावर मोडत नाही. तो तुकडा मी फेकला नाही. ‘स्‌वर’ आमच्या फ्रिजवर आहे.

छापण्याबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण याच्यात मी स्वतः दोनदा तोंडघशी पडलोय. आखणीचा कागद पत्र्यावर चिकटवून भोकं पाडणार असाल तर प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ चालू ठेवू नका. प्रिंटर आखणी गुपचूप तीन-चार टक्के आकसवतो. कागदावर सगळं छान दिसतं, आणि पत्र्यावर दहावा पॉट कुठेच बसत नाही. आता मी प्रत्येक आखणीत कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ काढतो आणि प्रिंट हातात आली की आधी तिच्यावर वर्नियर लावतो. ९६ भरली तर कागद मुलीच्या रफ वहीत.

भोकं मी स्वतःच पाडायची ठरवली. सर्किटच्या प्लेटसारखंच फायबरचं पॅनलही करून मिळतं, १.६ मिमी जाडीचं, पांढरी अक्षरं छापलेलं, आणि ते स्वस्तही पडतं. चांगलं असतं. पण मला हाताला गार लागणारा पत्रा हवा होता, आणि ड्रॉइंग सेक्शनवाल्याला ड्रिल मशीनपाशी उभं राहायची एवढीच संधी मिळते. क्रम असा: कागद चिकटवायचा, प्रत्येक केंद्रावर सेंटर पंच, मग सगळीकडे २.५ मिमीचं बारीक भोक, मग स्टेप ड्रिलने वाढवायचं. पातळ पत्र्यात थेट ७ मिमीचं ड्रिल घातलं तर भोक गोल न येता तिकोनी येतं, हे कोणीही टर्नर-फिटर तुम्हाला हसत सांगेल. खाली लाकडाची फळी, वरून दोन थेंब घासलेट, म्हणजे ॲल्युमिनियम पात्याला चिकटत नाही. आमच्या टूलरूममधल्या मिस्त्रींनी त्यासाठी घासलेटाची एक छोटी बाटली जिवापाड जपून ठेवलीय. भोकं झाली की काठ मारायचे, मग काळं ॲनोडाइझिंग, आणि सगळ्यात शेवटी लेसरने अक्षरं. काळ्या थरावर लेसर फिरला की अक्षर पांढुरकं उमटतं. हा क्रम उलटा केला तर ॲनोडाइझिंगवर ड्रिलचे ओरखडे येतात.

पॉटला एक बारीक कान असतो, तो पुढच्या पत्र्यात अडकून पॉट जागच्या जागी फिरू नये म्हणून. त्याच्यासाठी प्रत्येक पॉटमागे आणखी एक छोटं भोक पाडावं लागतं, किंवा तो पकडीने मोडून टाकावा लागतो. मी मोडतो. नट नीट आवळला तर काही होत नाही. दिसण्यात कसूर नको असणारे लोक यावर वाद घालतील, त्यांनी खुशाल अकरा भोकं जास्त पाडावीत.

तर मोजदाद अशी: मात्रांचे दहा पॉट, प्रत्येकी ७ मिमी. दहा एलईडी, नॉबच्या बरोबर १४ मिमी वर, म्हणजे अंगठ्याआड जात नाहीत. वरच्या ओळीला पिवळे, खालच्या ओळीला लाल. बाबांना बोचू नयेत म्हणून रेझिस्टर मोठा टाकून मंद केलेले. लयीचा एक पॉट, एक टॉगल, एक बटण, पाच जॅक, चार स्क्रू. एकूण बत्तीस. नॉबच्या ओळी वरून ३६ आणि ७४ मिमीवर, जॅकची ओळ १०६ वर. पहिल्या नॉबच्या डोक्यावर समेची खूण म्हणून एक छोटी चौकट, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर एक पोकळ वर्तुळ, रूपकाची सम खालीवर येते म्हणून. ते वर्तुळ आखताना मला जेवढा आनंद झाला तेवढा कंपनीतल्या कुठल्याही ड्रॉइंगला झालेला नाही.

मंगळवारी शेवटची प्रिंट काढली, रेघ मोजली, बरोबर १०० भरली. बुधवारी पत्रा घेऊन निघणार होतो. सकाळी आंघोळ करून आलो तर बाबा चष्मा लावून प्रिंट बघत बसलेले.

"केरवा कुठाय?"

"बाबा, आठ मात्रा यात बसत नाहीत. चार-चारचे गट पडत नाहीत इथे. दोन-तीन-दोन-एक असं दिसेल ते."

"दिसू दे की. भजनाला काय झपताल वाजवू? मंडळात रूपक ऐकायला कोण येतं?"

"पण विभाग..."

"तू आठ ठोके दे. विभाग मी बघतो."

यावर उत्तर नव्हतं. आठासाठी पिन ९ लागते, एक जास्तीचा छोटा टॉगल आणि एक डायोड. जॅकच्या ओळीत आठ गोष्टी आधीच दाटीवाटीने उभ्या आहेत, तिथे नववी शिरत नाही. बाजूला जागा नाही, वर रेल. अख्ख्या पॅनलवर ६ मिमीचं भोक मावेल अशी जागा उरते ती सातव्या आणि आठव्या नॉबच्या मध्ये, दोन विभागांमधल्या त्या मोकळ्या पट्ट्यात. तिथे काहीही असता कामा नये, अंगठ्याला तिथे नुसता पत्रा लागला पाहिजे, म्हणून मी घरभर व्याख्यानं दिली होती.

तेहतिसावं भोक काल संध्याकाळी पाडलं. टॉगल अजून आणलेला नाही, तूर्त त्यात रबरी बूच बसवलंय. अंधारात बाबांचा अंगठा तिथे एकदा थबकला, बुचावरून फिरला, आणि पुढे आठव्यावर गेला.